सेकेशफेहेरवारचे राजचर्च

हंगेरीच्या राजांच्या राज्याभिषेकाच्या व दफनाच्या मध्ययुगीन चर्चचे भग्नावशेष. बूडापेस्टच्या नैर्ऋत्येस सुमारे ६५ किमी.वर, सेकेशफेहेरवारच्या जुन्या भागात बिशपच्या प्रासादालगत ते आहेत. हंगेरीचा पहिला राजा संत स्टीफन (ईश्टवान) याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे चर्च कुमारी मेरीच्या नावे बांधविले. शिकारीत दगावलेला राजपुत्र इम्रे (१०३१) आणि खुद्द स्टीफन (१०३८) यांना येथेच पुरले.

पवित्र मुकुट, एस्तरगोमचा आर्चबिशप आणि हे स्थळ, असा तिहेरी योग जुळल्याखेरीज पुढे कोणाचाही अभिषेक ग्राह्य धरला जात नसे. पहिल्या चार्ल्सला त्यापायी तीनदा अभिषेक करवून घ्यावा लागला. १३१० मध्ये येथे झालेला तिसरा तेवढा निर्विवाद ठरला. तीसहून अधिक राजांना येथे मुकुट मिळाला, पंधरा राजे येथे पुरले गेले. मात्याश कोर्विनस व मोहाचच्या लढाईनंतर (१५२६) मृत झालेला दुसरा लुई हे त्यांपैकीच.

चर्चच्या नाशाचे खापर केवळ तुर्कांवर फोडणे अन्यायाचे होईल. १५४३ मध्ये शहर घेतल्यावर थडगी लुटली गेली व चर्चमध्ये दारूगोळा साठविला गेला, हे खरे. १६०१ मध्ये ख्रिस्ती सैन्याच्या वेढ्यात त्याचा स्फोट होऊन इमारत कोसळली. तरीही बरेच काही उभे होते. ते १८०० च्या सुमारास पाडून त्याचे दगड शेजारच्या बिशपच्या प्रासादाला वापरले. आपल्याच माणसांनी घातलेला हा घाव सर्वांत जिव्हारी लागणारा आहे.

१८४८ मध्ये खोदकामात तिसरा बेला व राणी अ‍ॅना यांची थडगी लुटारूंच्या हातून सुटलेल्या अवस्थेत सापडली. बेला सुमारे १९० सेंमी. उंच होता, हे त्याच्या सांगाड्यावरून कळते. दोघांच्या अस्थी आता बूडापेस्टच्या मात्याश चर्चमध्ये आहेत.

१९३८ मध्ये, स्टीफनच्या नवशेव्या स्मृतिवर्षी, येथे अवशेष-उद्यान झाले. प्रवेशाजवळच्या स्मारकगृहात त्याची मानली जाणारी दगडी शवपेटी आहे. ती रोमन शवपेटीतूनच नव्याने कोरली आहे. तिच्या अरुंद बाजूवर एक देवदूत कापडात गुंडाळलेले तान्हे बाळ, म्हणजे मृताचा आत्मा, वर नेताना दिसतो. या शिल्पापाशी थांबल्याशिवाय स्थळदर्शन पुरे होत नाही.

स्टीफन व राणी गिझेला यांनी १०३१ मध्ये या चर्चला दिलेले भरजरी धर्मवस्त्र पुढे राज्याभिषेकाचा झगा म्हणून वापरले गेले. सन व चर्चचे नाव त्यावर भरतकामातच आहे. ते बूडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे.