नवे हेड की दुरुस्त हेड?

ऑईल इंजिनाचे 'हेड' म्हणजे काय, हे आमच्याच घरातल्या नव्या पिढीला आता सांगावे लागते. सिलिंडरवर बसणारे बिडाचे जड झाकण ते. व्हॉल्व्ह त्यातच, डिझेलचा फवारा मारणारा नोझलही त्यातच, आणि पोटातून पाणी खेळते. वरून थंड, खालून भट्टी! म्हणून तडा जायचा तो बहुधा इथेच, दोन व्हॉल्व्हमधल्या अरुंद पट्टीवर.

वर्धा म्हटले की लोकांना चरखा आठवतो. 1934 साली ग्रामोद्योग संघ इथेच निघाला, मगनवाडीत कुमारप्पांनी घाणीचे नि हातकागदाचे प्रयोग केले. पण याच जिल्ह्यातला आर्वी-कारंज्याकडचा संत्रेवाला पुढे मोट सोडून इंजिनाकडे वळला. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स 1946 साली सुरू झाली होती. दुसरा प्रसिद्ध नमुना इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीचा, 1930 च्या सुमाराचा. दोन जड चाके, मिनिटाला जेमतेम सहा-साडेसहाशे फेरे. मूळ कंपनीने 1987 मध्ये तो बंद केला, पण राजकोटच्या कारखान्यांत त्याच बेताची इंजिने पुढेही बनत राहिली.

इंजिन आले तसा हा प्रश्नही आला. 1991 पूर्वी परदेशी सुट्या भागांना आयात परवाना लागे, त्यामुळे अस्सल नवे हेड खेड्यातल्या माणसाला स्वप्नच. बाजारात मिळे ते इथे ओतलेले. त्यात चांगलेही असे, पण कुठे पाण्याच्या वाटेत ओतकामाची वाळू राहिलेली, कुठे बोल्टाची भोके केसभर सरकलेली.

1975 च्या जानेवारीत आमच्या वावरातल्या इंजिनाचे हेड तडकले. टाकीतले पाणी संपले होते. वेळ मोठी नाजूक. आंबिया बहारासाठी झाडे ताणावर सोडलेली, आणि ताण तोडायचे पहिले पाणी आठ दिवसांवर. ते चुकले की वर्षाचे उत्पन्न गेले. नवे हेड नागपूरहून दुसऱ्या दिवशी आले असते. दुरुस्तीला चार-पाच दिवस लागणार होते.

मिस्त्री म्हणाला, "नवं बीड कच्चं राह्यते काकाजी, हे जुनं पिकलेलं आहे." मला तेव्हा हे दुरुस्तीचे गिऱ्हाईक टिकवायचे बोलणे वाटले. पुढे वाचनात आले की ताज्या ओतकामात ताण अडकलेला असतो; जुने कारखाने ओतलेले बीड काही महिने उघड्यावर पडू देत आणि मगच घडवत. वर्षानुवर्षे तापून निवलेल्या हेडमधला तो ताण बराच निघून गेलेला असतो.

पण पिकलेले बीड म्हणून सगळेच वाचवता येत नाही. मिस्त्रीने हेडला रॉकेल लावले, कोरडे पुसले, वर खडूची भुकटी टाकली. तड्यात मुरलेले रॉकेल खडूवर उमटले: बोटाच्या पेराएवढी रेघ, पाण्याच्या वाटेपर्यंत न गेलेली. ती तिथवर गेली असती तर नवेच घ्यावे लागले असते. पूर्वी किती वेळा तासले आहे तेही त्याने पाहिले, कारण दर तासणीला हेड पातळ होते.

बाबांनी दुरुस्ती ठरवली. 1973 च्या तेलसंकटानंतर डिझेल महागले होते, कॉम्प्रेशन गळणारे इंजिन परवडणारे नव्हते. अख्खे हेड कोळशात लाल केले, बिडाच्या कांडीने तडा भरला आणि ते रात्रभर राखेत पुरून ठेवले. घाईने निववले की शेजारी नवा तडा! मग लेथवर तासणी, नव्या सीटा, व्हॉल्व्ह घासणे. सहाव्या दिवशी इंजिन धडधडले.

माझे मत विचाराल तर, मूळ कंपनीचे नवे हेड हातात येत असेल तर तेच घ्यावे. पण आमच्यासमोर निवड ती नव्हतीच. अनोळखी नवे की ओळखीचे जुने, एवढीच होती.

1981 मध्ये विहिरीवर वीज आली, तोवर तेच हेड चालले. नंतर इंजिन विकायला काढले तेव्हा गिऱ्हाईकाने किंमत विचारण्याआधी हेड उघडायला लावले, सांध्यावरून नख फिरवले, आणि मगच बाजेवर बसून चहा घेतला.