मुळाचा ठाव

आमच्या वडिलांची खालची डावी दाढ एका शब्दापायी गेली, असे घरात अजून सांगतात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. इंदुरातल्या एका दंतवैद्यांकडे ते दाढ वाचवायला गेले होते. डॉक्टर हिंदी बोलणारे, वडील पक्के रामबागेतले. मुळाच्या नळीत बारीक सुई सरकू लागली तसे वडील कळवळले, "कळ आली!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कल नहीं, आज ही कर देते हैं," आणि सुई आणखी आत गेली. चार दिवसांनी गाल सुजला, महिन्याभरात दाढ काढावी लागली. सीमाभागातल्या वाचकांना दोन भाषांमधल्या अशा अपघाताचे नवल वाटू नये.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. सुई कुठे थांबवायची हे तेव्हा बरेचसे हाताच्या अंदाजावर आणि रोग्याच्या ओरडण्यावर ठरे. दाढेची लांबी ती केवढी, वीस-एकवीस मिलिमीटर! त्यात मुळाच्या टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे नळी सर्वांत अरुंद होते. सफाई तिथवर व्हावी. अलीकडे थांबलात तर सडका भाग आत राहतो. पलीकडे गेलात तर घाण हाडात ढकलली जाते. शिवाय कळ हा साक्षीदार लबाड. नस जिवंत असेल तर कळ वाटेतच येते, मेली असेल तर कधी टोक ओलांडले तरी येत नाही. आणि बधिर करण्याचे इंजेक्शन दिले की साक्षीदार मुकाच!

एक्स-रेचा शोध १८९५ चा. न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये दाताच्या नळीत शिशाची तार घालून चित्र काढले आणि तार कुठवर पोचली ते डोळ्यांनी पाहिले. या विद्येची किंमत त्यांनी फार मोठी मोजली. त्या किरणांनी हात जळाले, बोटे गेली, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले. आज दाताचा एक्स-रे काढताना डॉक्टर बाजूला सरकतात, त्यामागे अशा माणसांचे भोग आहेत.

एक्स-रेनेही प्रश्न पुरता सुटला नाही. सावलीत खोली दिसत नाही. मेक्सिकोच्या कुटलर यांनी १९५५ मध्ये दातांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवले, की नळीचे तोंड पुष्कळदा मुळाच्या अगदी टोकावर नसते, बाजूला उघडते. म्हणजे चित्रात सुई आत दिसते आणि प्रत्यक्षात ती बाहेर पडलेली असते.

विजेने मोजण्याची कल्पना अमेरिकेतल्या कस्टर यांनी १९१८ मध्येच मांडली होती, पण तिला बैठक दिली जपानने. सुझुकी यांना १९४२ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर काम करताना आढळले, की सुईचे टोक मुळाबाहेरच्या मऊ पेशींना टेकले म्हणजे तिथून तोंडाच्या आतल्या त्वचेपर्यंतचा विजेचा अडथळा ठरावीकच भरतो. आमच्या इंदुरात एम. वाय. इस्पितळाजवळचे सरकारी दंत महाविद्यालय निघाले १९६१ साली. पुढच्याच वर्षी सुनादा यांनी माणसांच्या दातांवर हेच मोजून आकडा प्रसिद्ध केला: साडेसहा हजार ओहम. वय कोणतेही असो, दात कोणताही असो. आडात दोर सोडावा आणि पोहरा पाण्याला टेकल्याचे हाताला कळावे, तसा हा प्रकार.

मात्र आडाच्या भिंतीच ओल्या असल्या तर? नळीत रक्त, पू किंवा धुण्याचे औषध असले की ती जुनी यंत्रे फसत. वडिलांच्या वेळी असले यंत्र समोर असते तरी त्याने भरवशाचे उत्तर दिलेच असते असे नाही. कोबायाशी आणि सुदा यांनी नव्वदच्या दशकात त्यावर तोड काढली: दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे प्रवाह एकदम सोडायचे आणि दोन्ही मापांचे गुणोत्तर पाहायचे. नळी ओली असली तरी गुणोत्तर टोकाची खबर देते. मोरिता कंपनीचे 'रूट झेडएक्स' हे यंत्र याच तत्त्वावर चालते.

मागच्या पावसाळ्यात मीही त्याच खुर्चीत बसलो. म्हणजे तशाच, ते दंतवैद्य आणि तो दवाखाना आता नाहीत. ओठाच्या कोपऱ्यात एक आकडी अडकवली, सुई आत गेली, यंत्राची टिकटिक वाढत गेली. सुईवरची रबराची चकती दातावर टेकवून डॉक्टरीणबाईंनी पट्टीवर माप घेतले. एवढे झाल्यावरही एक्स-रे काढलाच. "यंत्र आहे ना?" मी विचारले. "दोघांचे जुळले पाहिजे," त्या म्हणाल्या. माझ्या कार्डावर तीन नळ्यांचे तीन आकडे लिहिले: वीस, साडेवीस, एकोणीस. मधूनच त्यांनी विचारले, "दर्द तो नहीं?" इंजेक्शनने जीभ जड झाली होती. मी मान हलवली. घरी आल्यावर ते कार्ड वडिलांच्या तसबिरीमागे खोचून ठेवले.