गुहेतला आवाज टिपायला गेला आणि जीव गमावून बसला: आयरिश कवी लुई मॅकनीसची गोष्ट

ऑगस्ट १९६३. बीबीसीला एका रेडिओ नाटकासाठी गुहेतले खरेखुरे आवाज हवे होते. त्यासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गुहांमध्ये उतरायचं होतं. खरं तर हे काम साउंड इंजिनिअरचं. पण नाटक लिहिणारा ५५ वर्षांचा माणूसही हट्टाने सोबत गेला.

काम झालं, पण बाहेर माळरानावर त्याला वादळी पावसाने गाठलं. ओल्या कपड्यांतच तो घरापर्यंत आला. आधी ब्राँकायटिस झाला, मग न्यूमोनिया. ३० ऑगस्टला नाटक रेडिओवर लागलं तेव्हा तो लंडनच्या हॉस्पिटलमध्ये होता. ३ सप्टेंबरला तो गेला.

त्याचं नाव लुई मॅकनीस. विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या आयरिश कवींपैकी एक. बीबीसीशी त्याचं नातं २२ वर्षांचं. पोटापाण्याची नोकरी कवीला मारते की घडवते, हा प्रश्न पडत असेल तर मॅकनीसचं आयुष्य समजून घ्यायलाच हवं.

आयरिश की ब्रिटिश?

मॅकनीसचा जन्म १२ सप्टेंबर १९०७चा, बेलफास्टचा. बालपण जवळच्या कॅरिकफर्गस गावात गेलं. वडील प्रोटेस्टंट चर्चमध्ये धर्मगुरू होते, पुढे बिशप झाले. पण आईवडील दोघांची मुळं आयर्लंडच्या पश्चिमेकडची. १९१२ मध्ये उत्तरेतले लाखो प्रोटेस्टंट आयरिश स्वराज्याच्या विरोधात अल्स्टर प्रतिज्ञापत्रावर सह्या करत होते, तेव्हा त्याच्या वडिलांनी सही करायला नकार दिला.

लुई सात वर्षांचा असताना आई वारली. पुढे शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला पाठवलं गेलं. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि त्याचं गाव ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर भागात राहिलं.

परिणाम काय? इंग्लंडमध्ये तो आयरिश, डब्लिनमध्ये जवळपास इंग्रज आणि बेलफास्टमध्ये गाव सोडून गेलेला. हा पेच त्याला कधीच सुटला नाही.

कवी आणि संपादक

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात तो ग्रीक आणि लॅटिन शिकला. विद्यार्थी असतानाच, १९२९ मध्ये, त्याने कवी स्टीफन स्पेंडरसोबत 'ऑक्सफर्ड पोएट्री' हा वार्षिक संग्रह संपादित केला. नंतर बर्मिंगहॅम आणि लंडनमध्ये प्राध्यापकी केली. १९३५ मध्ये 'फेबर अँड फेबर'ने त्याचा कवितासंग्रह काढला. तिथे तेव्हा संपादक होते टी. एस. एलियट.

ऑडेन, स्पेंडर, डे-लुईस या मित्रांसोबत त्याचं नाव घेतलं जायचं. ऑडेनसोबत तो आइसलँडला गेला आणि दोघांनी मिळून १९३७ मध्ये पुस्तकही काढलं. पण ही मंडळी डाव्या विचारांकडे जोरात झुकत असताना मॅकनीस कुठल्याच पक्षाचा झाला नाही.

१९३९ मध्ये आलेली 'ऑटम जर्नल' ही २४ भागांची दीर्घ कविता त्याची सगळ्यात गाजलेली. युद्ध दारात उभं आहे, हिटलरशी म्युनिक करार होतोय, आणि लंडनमधला एक माणूस बातम्या, मोडलेलं प्रेम, नोकरी आणि भीती असं सगळं एकत्र लिहून काढतोय. आजच्या भाषेत सांगायचं तर टाइमलाइनच!

संपादनाचं काम पुढेही सुटलं नाही. चाळीसच्या दशकात त्याने डब्लिनच्या 'द बेल' मासिकात काही काळ कवितेचा विभाग सांभाळला. कवी डब्ल्यू. आर. रॉजर्ससोबत त्याने आयर्लंडवरच्या एका मोठ्या लेखसंग्रहाचं संपादन हाती घेतलं. अनेक वर्षं गेली, पण ते पुस्तक कधीच आलं नाही. देश नेमका कसा आहे हे सांगणारं पुस्तक या दोघांच्या हातून पूर्ण होऊ नये, यातही बरंच काही आलं.

रेडिओत एंट्री

दुसऱ्या महायुद्धात नजर कमजोर असल्याने नौदलाने त्याला नाकारलं. १९४१ मध्ये तो बीबीसीच्या फीचर्स विभागात लागला. काम होतं लोकांचं मनोबल टिकवणारे कार्यक्रम लिहायचं. रेडिओबद्दल तो सुरुवातीला साशंक होता. पण लवकरच त्याच्या लक्षात आलं की छापील कवितेपर्यंत न पोहोचणारा माणूस रेडिओ ऐकतोच.

१९४२ मध्ये त्याने कोलंबसवर भव्य रेडिओ नाटक केलं. कोलंबसचा आवाज होता लॉरेन्स ऑलिव्हिएचा आणि संगीत विल्यम वॉल्टनचं. १९४६ मध्ये आलं 'द डार्क टॉवर'. संगीत बेंजामिन ब्रिटनचं. घराण्यातला प्रत्येक मुलगा एका अदृश्य शत्रूशी लढायला जातो आणि परत येत नाही. आता धाकट्याची पाळी आहे. इंग्रजी रेडिओ नाटकांमध्ये आजही हे नाटक मानाचं समजलं जातं.

१९४७: मॅकनीस भारतात

आपल्याशी जोडलेला धागा इथे आहे. १९४७ मध्ये बीबीसीने भारताचं स्वातंत्र्य आणि फाळणी टिपण्यासाठी एक टीम पाठवली. त्यात मॅकनीस होता. दिल्लीतला जल्लोष त्याने पाहिला आणि पंजाबही पाहिला. शेखूपुऱ्यात जखमी हिंदू आणि शीख निर्वासितांची अवस्था पाहून तो हादरला. पुढच्या वर्षी 'इंडिया ॲट फर्स्ट साइट' हा त्याचा कार्यक्रम ब्रिटनमध्ये प्रसारित झाला.

धर्माच्या नावाने देश तुटताना कसा दिसतो, हे त्याला परकं नव्हतं. त्याचा स्वतःचा देशही तसाच तुटलेला होता. तरी इथला रक्तपात आयर्लंडपेक्षा कितीतरी पटीने मोठा होता.

नोकरीची किंमत

पन्नासच्या दशकात टीकाकार म्हणू लागले की मॅकनीसची कविता पसरट झाली आहे. १९५४ मध्ये आलेल्या 'ऑटम सिक्वेल'वर सडकून टीका झाली. स्क्रिप्ट, रेकॉर्डिंग आणि दारू यांतच कवी संपला, असं अनेकांना वाटलं.

१९६१ मध्ये त्याने पूर्णवेळ नोकरी सोडून बीबीसीचं अर्धवेळ काम घेतलं. मग जे झालं ते अनपेक्षित होतं. कविता परत आली; छोटी, धारदार, बोलीतली, एखाद्या वाईट स्वप्नासारखी. मृत्यूनंतर काही दिवसांतच आलेला 'द बर्निंग पर्च' हा संग्रह अनेक जाणकार त्याच्या उत्तम कामात धरतात.

ही धार आली कुठून? मोठं श्रेय रेडिओलाच जातं. वीस वर्षं तो कानासाठी लिहीत होता. कुठे थांबायचं, साधं वाक्य भीतीदायक कसं करायचं, रूपकातून गोष्ट कशी सांगायची, हे सगळं तो स्टुडिओत शिकला. १९६३ मध्ये केंब्रिजला त्याने व्याख्यानं दिली, त्यांचा विषयही रूपककथा हाच होता. म्हणजे नोकरीने त्याचा वेळ खाल्ला हे खरं, पण त्याला आवाजही तिनेच दिला.

त्याच्या शेवटच्या नाटकाचं नाव 'पर्सन्स फ्रॉम पोरलॉक'. कवी कोलरिज 'कुब्ला खान' लिहीत असताना पोरलॉक गावचा कुणीतरी कामासाठी आला आणि कविता अर्धीच राहिली, असा किस्सा आहे. मॅकनीसच्या नाटकातल्या चित्रकाराच्या कामातही अशीच विघ्नं येत राहतात. शेवटी तो एका गुहेत मरतो.

आज तो कुणाचा?

मॅकनीसच्या अस्थी उत्तर आयर्लंडमधल्या कॅरोडोर गावी आईच्या कबरीत ठेवल्या आहेत. १९६५ च्या सुमारास तीन तरुण कवी तिथे गेले होते: शेमस हीनी, मायकल लाँगली आणि डेरेक माहोन. माहोनने त्या कबरीवर कविता लिहिली. लाँगलीने पुढे मॅकनीसच्या निवडक कवितांचं संपादन केलं. हीनीला १९९५ मध्ये नोबेल मिळालं.

हयात असताना ज्याला कुणीच पूर्णपणे आपला म्हटलं नाही, त्याला या पिढीने आपला पूर्वज मानलं. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मून, दोन्ही बाजूंच्या घोषणा नाकारूनही कवी होता येतं, हे त्यांना मॅकनीसने आधीच दाखवून दिलं होतं.