मेक्सिकोंतील देवळें आणि तीं बांधणारे हात

स्पेनच्या हेर्नान कोर्तेसनें इ. स. १५२१ च्या ऑगस्ट महिन्यांत ॲझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. त्यानंतर पन्नास-साठ वर्षांच्या आंत मेक्सिकोच्या पठारावर दगडी देवळें, मठ, शाळा आणि रुग्णालयें यांचें जणूं पीक आलें. आजहि त्या देशांत फिरणाऱ्या प्रवाशाला एखाद्या लहानशा खेड्यांत किल्ल्यासारख्या जाड भिंतींचा मठ दिसतो, आणि एवढ्या वस्तीनें एवढें प्रचंड काम केलें तरी कसें, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. ज्या धर्मोपदेशकांनीं हीं देवळें बांधविलीं त्यांचीं चरित्रें त्यांच्याच पंथांतील बखरकारांनीं लिहून ठेविलीं आहेत. ज्यांनीं तीं प्रत्यक्ष बांधलीं त्यांच्याविषयीं मात्र त्याच ग्रंथांतून एखादें वाक्य इकडे, एखादें तिकडे, असें वेंचावें लागतें.

धर्मोपदेशकांची पहिली मोठी तुकडी १५२४ सालीं आली. फ्रान्सिस्कन पंथाचे ते बारा साधु समुद्रकिनाऱ्यापासून राजधानीपर्यंत अनवाणी चालत गेले. त्यांच्या फाटक्या झग्यांकडे पाहून वाटेवरचे लोक ‘मोतोलिनिया’, ‘मोतोलिनिया’ असें पुटपुटत. या शब्दाचा अर्थ ‘गरीब बिचारा’ असा आहे हें कळतांच तोरिबियो दे बेनाव्हेंते नांवाच्या साधूनें तेंच आपलें नांव म्हणून पत्करलें, आणि पुढें जन्मभर तो त्याच नांवानें ओळखला गेला. राजधानींत कोर्तेसनें सर्वांसमक्ष या धुळीनें माखलेल्या माणसांपुढें गुडघे टेकले. ज्याच्यापुढें सारा देश कांपत होता तो भिकाऱ्यासारख्या दिसणाऱ्या साधूपुढें वांकतो, हें दृश्य पाहून ॲझ्टेक सरदारांना काय वाटलें असेल याची कल्पना करतां येते. कोर्तेस राजकारणी पुरुष होता. तो परिणाम त्यालाहि अपेक्षित असावा.

याच मोतोलिनियानें पुढें लिहिलेल्या इतिहासांत, जिंकलेल्या देशावर कोसळलेल्या दहा संकटांची यादी दिली आहे. पहिलें संकट देवीच्या सांथीचें. सातवें संकट मात्र वाचकाला थबकावयास लावतें. तें म्हणजे नव्या मेक्सिको शहराची बांधणी! जेरुसलेमचें मंदिर बांधतांना जेवढीं माणसें राबलीं असतील त्यांहून अधिक येथें राबत होतीं, असें तो म्हणतो. साहित्य त्यांनींच आपल्या खर्चानें आणावयाचें, गवंड्यांची व सुतारांची मजुरी त्यांनींच द्यावयाची, आणि घरून भाकरी आणली नसेल तर उपाशी राहावयाचें. कोणी तुळईखालीं सांपडून मरे, कोणी उंचावरून पडून, कोणी जुनीं घरें पाडतांना ढिगाऱ्याखालीं. आणि तरीहि ओझीं ओढतांना ते गात असत आणि तें गाणें रात्रंदिवस थांबत नसे, हेंहि त्यानेंच नमूद केलें आहे.

या गाण्याचा अर्थ लावणें सोपें नाहीं. मेक्सिकोंत एकत्र राबण्याची चाल स्पॅनिश लोकांच्या आधींपासूनची होती. प्रत्येक पेठेनें पाळीपाळीनें माणसें धाडावयाचीं, आणि त्यांनीं देवळाचा चौथरा, बांध, रस्ता किंवा राजवाडा उभारावयाचा, असा तो नेम. नाहुआत्ल भाषेंतील ‘तेकित्ल’ या एकाच शब्दांत काम, कर आणि कर्तव्य हे अर्थ एकत्र नांदतात. त्यापासून निघालेला ‘तेकियो’ हा शब्द गांवकीच्या श्रमदानासाठीं आजहि ओआहाका राज्यांत चालू आहे, आणि त्या राज्याच्या घटनेनेंहि या चालीला मान्यता दिलेली आहे. धर्मोपदेशकांनीं ही चाल जशीच्या तशी उचलली. जुनें देऊळ पाडावयाचें, त्याचेच दगड घ्यावयाचे, त्याच पेठांतून माणसें बोलवावयाचीं आणि क्रूसाचें देऊळ उभें करावयाचें. उघड्या आभाळाखालीं पूजा करण्याची लोकांची संवय ध्यानांत घेऊन त्यांनीं मठापुढें विस्तीर्ण आवार ठेविलें व त्याच्या एका बाजूस उघडी वेदी बांधली. सारा गांव आवारांत उभा राहून उपासना ऐके. हें शहाणपणाचें होतें. पण पूर्वीं राबणाऱ्याला तें देऊळ आपल्या पेठेचें, आपल्या वाडवडिलांचें वाटत असे. नव्या देवळाविषयीं तसें वाटावयास वेळ लागणार होता. आणि तोंपर्यंतच्या कामाला सेवा म्हणावें कीं वेठ, हा वाद त्या काळच्या स्पॅनिश लोकांतहि मिटला नाहीं.

या वादांत पेद्रो दे गांते याचें उदाहरण एका टोकाला ठेवतां येईल. हा फ्लँडर्समधील गेंट शहरचा, बारा साधूंच्याहि एक वर्ष आधीं आलेला. त्यानें पुरोहिताची दीक्षा कधींच घेतली नाहीं. पंथाचा साधा बंधु म्हणूनच तो राहिला. नाहुआत्ल भाषेंत तो इतका मुरला कीं, १५२९ त मायदेशीं पत्र लिहितांना आपण आपली मातृभाषा विसरत चाललों आहों असें त्यानें कळविलें. मेक्सिको शहरांत त्यानें ‘सान होसे दे लोस नातुरालेस’ ही शाळा चालविली. तेथें अक्षरओळख व प्रार्थना यांबरोबर गवंडीकाम, सुतारकाम, चित्रकला, भरतकाम आणि संगीत हीं शिकविलीं जात. देवळांतील वेद्या व चित्रें करणारे कितीतरी कारागीर या शाळेंतून बाहेर पडले. हातांत हुन्नर आलेल्या माणसाला कोणी नुसत्या ओझ्याला जुंपीत नाहीं, हें त्या बंधूला कळलें होतें. जवळजवळ पन्नास वर्षें शिकवून तो १५७२ त वारला.

दुसऱ्या टोकाला मठांचा डामडौल होता. फ्रान्सिस्कनांमागून १५२६ त डोमिनिकन आणि १५३३ त ऑगस्टिनियन आले, आणि अधिक भव्य मठ कोणाचा अशी चढाओढ लागली. पहिला व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा यानें आपल्यामागून येणाऱ्या अधिकाऱ्याला लिहून ठेविलें कीं, मठांच्या बांधणींत मोठ्या चुका झाल्या आहेत, कारण तें काम जाणणारा माणूसच नव्हता. त्यानें बेताच्या आकाराचा एक नमुनाहि ठरवून दिला होता. देवळाचा खर्च राजानें, जहागीरदारानें व रयतेनें सारखा वांटून सोसावा असा राजाचा हुकूम होता. कागदावर तो ठीकच होता. १५५६ त आर्चबिशप मोंतुफार यानें स्पेनला तक्रार केली कीं, मूठभर साधूंसाठीं राजवाड्यासारखे मठ उठत आहेत आणि त्यांचा भार गरीब देशी लोकांवर पडत आहे. या पंथांशीं मोंतुफारचें बरें नव्हतें, तेव्हां त्याची तक्रार जपूनच वाचली पाहिजे. पण १५४५ ते १५४८ च्या भयंकर सांथीनें गांवें ओस पडलीं तरी बांधकामें थांबलीं नव्हतीं, हें काहीं त्यानें रचून सांगितलेलें नाहीं.

वास्को दे किरोगा हा मुळांत न्यायाधीश. १५३१ त तो मेक्सिकोच्या वरिष्ठ न्यायालयांत आला, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें शहराबाहेर ‘सांता फे’ नांवाची वसाहत काढली; १५३३ त तशीच दुसरी मिचोआकानमध्यें पात्स्क्वारो सरोवराच्या कांठीं. टॉमस मोर या इंग्रज ग्रंथकाराचा ‘युटोपिया’ बहुतेकांनीं वाचून बाजूस ठेविला. किरोगा तो अमलांत आणावयास निघाला. जमीन सामाईक, काम दिवसाला सहा तास, पीक गरजेप्रमाणें वांटावयाचें, आजाऱ्यांसाठीं रुग्णालय, आणि मुलांना अक्षरांबरोबर शेतीचें शिक्षण. एवढें करूनहि १५३६ त त्याच्या कारभाराची चौकशी झाली तेव्हां, सांता फेच्या बांधकामावर देशी लोकांना राबविल्याचा आरोप त्याच्यावर आलाच. त्यांतून तो निर्दोष सुटला. पुढें बिशप झाल्यावर पात्स्क्वारो येथें पंजाच्या बोटांसारख्या पांच दालनांचें देऊळ बांधण्याचा त्याचा बेत होता; पांचांपैकीं एकच पुरें झालें. लोक त्याला ‘ताता वास्को’ म्हणत. त्यांच्या पुरेपेचा भाषेंत ‘ताता’ म्हणजे बाप. मराठी कानाला तो शब्द परका वाटूं नये. सांता क्लाराचें तांबटकाम आणि पाराचोच्या गिटारी हे हुन्नर त्यानेंच गांवागांवांना वांटून दिले, असें तेथील लोक अजून सांगतात.

या सर्वांहून बोलकें उदाहरण मात्र देवळाचें नाहीं, पाण्याचें आहे. मेक्सिको शहराच्या ईशान्येस ओतुंबा नांवाचें गांव आहे. १५२० त कोर्तेसनें येथेंच एक निकराची लढाई जिंकली होती. गांवाला नदी नाहीं, झरा नाहीं. पावसाचें पाणी तळ्यांत सांठवावयाचें आणि तेंच वर्षभर प्यावयाचें. स्पॅनिश लोकांबरोबर त्यांचीं गुरें आलीं, आणि गुरांनीं तळीं तुडवून त्यांचा चिखल केला. तें पाणी पिऊन माणसें आजारी पडत व मरत. फ्रान्सिस्को दे तेंब्लेके या फ्रान्सिस्कन साधूनें हें पाहिलें, आणि सेंपोआलाच्या बाजूला तेकाहेते डोंगराजवळ जे गोड्या पाण्याचे झरे होते तेथून ओतुंबापर्यंत नहर आणावयाची असा निर्धार केला. तो कोणी स्थापत्यविशारद नव्हता. हें काम होणें नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ होते.

१५५५ च्या सुमारास आरंभ झाला आणि १५७२ च्या सुमारास शेवट. नहरीची लांबी सुमारें ३० मैल. तिचा बहुतेक भाग जमिनीच्या पोटांतून जातो. दरी आडवी आली तेथें कमानी. तेपेयाहुआल्को येथें दरीवरून अशा ६८ कमानी एका ओळींत अर्ध्या मैलाहून अधिक चालत गेल्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत उंच कमान तळापासून सुमारें १२७ फूट आहे. मजल्यावर मजला न चढवितां एकाच ओळींत इतक्या उंच कमानी दुसऱ्या कोणत्याहि नहरीवर बांधल्या गेल्या नाहींत, असें युनेस्कोनें २०१५ त जागतिक वारशाच्या यादींत तिचा समावेश करतांना म्हटलें आहे.

पण नुसत्या उंचीनें या कामाचें मर्म कळत नाहीं. रोमन पद्धतीनें कमान बांधावयाची तर आधीं खालीं लांकडी सांचा हवा. एवढ्या उंचीचे सांचे उभारावयास लांकूड किती लागेल याचा हिशेबच करावा! तेथील गवंड्यांनीं त्याऐवजीं कच्च्या विटा रचल्या. मातीच्या विटांचा भरीव आधार कमानीच्या आकारापर्यंत चढवावयाचा, त्याच्यावर दगड बसवावयाचे, आणि चुना घट्ट झाला कीं खालच्या विटा काढून घ्यावयाच्या. कमानीची कल्पना रोमची, कच्च्या विटेचें कसब मेक्सिकोचें. साधु गवंड्यांना शिकवीत होता आणि गवंडी साधूला. दगडांवर त्या कारागिरांनीं आपल्या जुन्या चित्रलिपीच्या धर्तीच्या खुणा कोरून ठेविल्या आहेत. मोतोलिनियाच्या सातव्या संकटांत राबलेल्यांना दगडावर आपली खूण ठेवावयास कोणी सांगितलें असतें असें वाटत नाहीं. ओतुंबाच्या माणसांनाहि घाम कमी गाळावा लागला नाहीं. सतरा वर्षें हा काळ थोडा नव्हे. परंतु शेवटीं जें पाणी आलें तें त्यांच्या स्वतःच्या घागरींत आलें.

साधु कमानींजवळ एका लहानशा झोपडीवजा मठींत राहत असे. सोबतीला एक मांजर. तोर्केमादा हा बखरकार आपल्या १६१५ त छापलेल्या ग्रंथांत सांगतो कीं, तें मांजर रोज रानांत शिकार करी आणि ससे आणून साधूपुढें टाकी. बखरकारांनीं साधूंच्या भोंवतीं चमत्कार रचावेत हा सर्व देशांतील रिवाजच आहे. त्यांत हा चमत्कार निदान गरिबाघरचा वाटतो.

फ्रान्सिस्कनांचा एक जुना मठ राजधानीच्या दक्षिणेस, आकापुल्को बंदराच्या वाटेवर, क्वेर्नावाका येथें आहे. आज तें तेथील कॅथेड्रल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची दुरुस्ती चालली असतां भिंतींच्या रंगाखालीं जुनीं चित्रें निघालीं. तीं १५९७ त जपानांत नागासाकी येथें क्रूसावर चढविलेल्या २६ जणांचीं आहेत. त्यांत फेलिपे दे हेसूस हा मेक्सिको शहरचा तरुण होता, आणि गोन्सालो गार्सिया हा वसईचा. आकापुल्कोहून गलबतें मनिलाला जात. मनिलांतच हे दोघे फ्रान्सिस्कन पंथांत शिरले होते. वसईंत जन्मलेल्या माणसाचें मरण मेक्सिकोंतील भिंतीवर रंगवलें जावें, एवढी त्या मठांची वाट लांब गेली होती.

एकोणिसाव्या शतकांत मेक्सिकोच्या सरकारनें चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यांत घेतली, आणि १९२६ ते १९२९ या काळांत सरकार व धर्मनिष्ठ शेतकरी यांत रक्तपातहि झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाहुणे निराळ्या दिशेनें येऊं लागले. अमेरिकेंतील चर्चांचीं व विद्यापीठांचीं तरुण मंडळें सुट्टींत सीमा ओलांडून येत आणि खेड्यांत घरें, शाळा, विहिरी बांधण्याचें काम स्वतःच्या खर्चानें करीत. येथें वेठीचा प्रश्न नव्हता. राबणारेच दूरचे होते.

१९६८ च्या एप्रिल महिन्यांत अशाच विद्यार्थ्यांच्या परिषदेपुढें, त्याच क्वेर्नावाका शहरांत, इव्हान इलिच यानें भाषण केलें. इलिच व्हिएन्नांत जन्मलेला कॅथलिक धर्मगुरु. या गांवीं त्याची एक संस्था होती, आणि तेथें परदेशांतून येणाऱ्यांना स्पॅनिश शिकविलें जाई. विद्यार्थ्यांना वाटलें, आपलें कौतुक होईल. इलिचनें त्यांना तोंडावर सांगितलें कीं, ज्यांची भाषा तुम्हांला येत नाहीं त्यांना तुमची मदत नाकारणेंहि जमत नाहीं. पाहावयास या, डोंगर चढावयास या, शिकावयास या, पण उपकार करावयास येऊं नका. बोलणें कडवट होतें, आणि थोडें एकांगीहि होतें. भाषा न शिकतां आलेला माणूस विटा मात्र सरळ रचूं शकतो. १९७६ त इलिचची संस्था बंद झाली.

तरुण मंडळें येतच राहिलीं. उत्तर सीमेवरील तिहुआना शहराभोंवतालच्या टेकड्यांवर अशीं मंडळें येतात, चार-सहा दिवसांत एखाद्या कुटुंबासाठीं लहानसें लांकडी घर उभें करतात आणि परत जातात. पुष्कळदां त्या कुटुंबांतील माणसेंहि हातोडा घेऊन त्यांच्यांत उभीं असतात, आणि पाहुण्यांना खिळा कोठें ठोकावयाचा तें खुणेनें दाखवितात.