हॅशटॅग न लावणारे कुठे मोजणार?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने गाईडसमोर एक आराखडा ठेवला होता. पुराच्या काळातल्या एका हॅशटॅगचे सगळे ट्वीट गोळा करायचे, मोजायचे आणि लोकांना कशाची गरज होती ते सांगायचं. मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "ज्यांनी हॅशटॅग लावला नाही, ते कुठे मोजणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता हॅशटॅगच्या इतिहासात शिरावं लागलं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर तो तुमच्याही कामी येईल.

सुरुवात २००७ पासून करू. २३ ऑगस्टला ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की एका विषयावरचे संदेश एकत्र दिसावेत म्हणून शब्दाआधी # लावावं. ही कल्पना कंपनीची नव्हती, एका वापरकर्त्याची होती. दोनच महिन्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो परिसरात वणवे पेटले आणि लाखो लोकांना घरं सोडावी लागली. नेट रिटर हा स्थानिक रहिवासी आगीच्या बातम्या ट्विटरवर टाकत होता. मेसिनांनी त्याला #सॅनडिएगोफायर वापरायला सुचवलं आणि त्याने ते वापरलं. आपत्तीतला हॅशटॅग रुजला तो इथून. ट्विटरने हॅशटॅगवर क्लिक करण्याची सोय दिली ती मात्र २००९ मध्ये. म्हणजे लोकांची सवय आधी लागली, तंत्र मागून आलं.

पुढच्या वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. #मुंबई खाली बातम्या, रक्तदानाची आवाहनं, नातेवाइकांची चौकशी असं सगळं एकत्र वाहत होतं. 'थेट माहिती टाकू नका, असं सरकारने सांगितलंय' हा पुष्टी न झालेला संदेशही त्याच प्रवाहात फिरला. आता विचार करा. हॅशटॅग मोजणाऱ्या प्रोग्रामला यातला प्रत्येक संदेश सारखाच दिसतो. गोळीबाराच्या आवाजात खिडकीपाशी बसलेला माणूस आणि परदेशात टीव्ही बघून लिहिणारा माणूस, दोघंही एकेक ट्वीट!

माझा आराखडा खरा कोसळला तो हैतीपाशी. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटाने 'ट्वीक द ट्वीट' नावाची एक पद्धत पुढे आणली. गरज काय, ठिकाण कोणतं, संपर्क कुठे करायचा, प्रत्येकासाठी ठरावीक हॅशटॅग, म्हणजे संगणकाला संदेश वाचून वेगळे करता येतील. हे काम करणाऱ्या केट स्टारबर्ड तेव्हा आपल्यासारख्याच पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या. कल्पना नीट होती, पण झालं भलतंच. ढिगाऱ्याजवळच्या लोकांनी ही पद्धत फारशी वापरलीच नाही. वापरली ती दूर बसलेल्या स्वयंसेवकांनी. इतरांचे संदेश शोधायचे, पडताळायचे आणि हॅशटॅगच्या साच्यात पुन्हा लिहून टाकायचे, हे काम त्यांनी अंगावर घेतलं. स्टारबर्ड आणि लेसिया पॅलन यांनी पुढे याच स्वयंसेवकांवर शोधनिबंध लिहिला.

मग हैतीतले लोक गप्प होते का? मुळीच नाही. ४६३६ या क्रमांकावर ते एसएमएस पाठवत होते, बहुतेक आपल्या क्रेओल भाषेत. परदेशातले हैतीयन आणि इतर स्वयंसेवक त्यांचं इंग्रजी करून मदत पथकांपर्यंत पोचवत होते. त्या मजकुरात # कुठून येणार? फक्त हॅशटॅगने शोधलंत, तर भूकंपातली माणसं सोडून त्यांचे मदतनीसच हाती लागतील. त्यावरून 'लोकांची गरज' सांगणं म्हणजे निष्कर्ष चुकणंच, आणि मदतीचा ट्रक त्या निष्कर्षावर निघाला तर चूक कागदावर राहत नाही.

म्हणून हॅशटॅगवरचा अभ्यास टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीये. प्रश्न बदलावा लागतो, इतकंच. 'लोकांना काय हवं होतं?' याऐवजी 'मदतीचं समन्वयन कोणी आणि कसं केलं?' असं विचारा. त्यासाठी हॅशटॅग उत्तम साधन आहे. चेन्नईच्या २०१५ च्या पुरातलं #चेन्नईरेन्सहेल्प घ्या. मदत मागणारे आणि देऊ करणारे एका जागी कसे आले, हे त्यातून तपासता येतं. पण ज्याच्या फोनची बॅटरी संपली होती, तो त्यात नाही.

२०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांची मोफत डेटा मिळवण्याची सोयही बंद केली. त्यामुळे आता कोणी तयार डेटासेट दिला, की आपण लगेच विश्लेषणाला बसतो. थांबा जरा. आधी वहीत तीन ओळी लिहा: हा हॅशटॅग कोणी सुरू केला, कोणत्या भाषेत, आणि संकटात सापडलेली माणसं त्या वेळी खरं म्हणजे कशावर बोलत होती. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर आधी तिथल्या माणसांशी बोला. मी आराखड्याचं दुसरं प्रकरण तसंच नव्याने लिहिलं. सहा महिने गेले, पण मॅडमच्या प्रश्नाला आता निदान अर्धं उत्तर माझ्याकडे आहे.