ताणलेली तार आणि परतीचा स्वर

बंगळूरच्या महादेवपुरा भागात आमच्या शेजारी एक तरुण रोज सायंकाळी विजेची गिटार वाजवतो. तिच्या घोडीला एक दांडा आहे. तो दाबला की साऱ्या तारा सैलावतात व स्वर खाली घसरतो. सोडला की स्वराने मूळ जागी परतावे, अशी अपेक्षा असते. पण पुष्कळदा तो परतत नाही, आणि त्या तरुणाचा निम्मा वेळ खुंट्या पिळण्यातच जातो. ते ऐकताना मला मिरजेची आठवण होते.

अमेरिकेत लिओ फेंडर ह्यांनी १९५४ साली अशी घोडी आपल्या गिटारीला बसवली. तिच्या एका बाजूस तारांचा ताण, दुसऱ्या बाजूस स्प्रिंगांचा. ह्या दोहोंचा तह टिकेल तोवर स्वरमेळ टिकतो. एकच तार बोटाने ओढली, तरी तरंगती घोडी कलते आणि इतर तारा उतरतात. शिवाय वरच्या पट्टीच्या खाचेत तार अडली, तर दांडा सोडल्यावरही ती पुरती परतत नाही.

आपल्या सतारियांपुढे हा प्रश्न पूर्वीपासूनच होता. मींड घेताना तार पडद्यावरून आडवी ओढली जाते. स्वर चढतो तो ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे षड्‌जाच्या पडद्यावरून पंचमापर्यंत मींड घ्यायची, तर ताण सव्वादोन पट व्हावा लागतो. एवढे सोसूनही खुंटी सरकू नये, दांडी वाकू नये, तार तुटू नये! सतारीची घोडी मात्र तबलीवर स्थिर असते. म्हणून एका तारेचा भार दुसरीवर फारसा पडत नाही. बारीक फरक तारेत ओवलेला मणी सरकवून काढता येतो. खाली तरफेच्या तारा असतातच. मींड नेमक्या स्वरावर पोचली, तर त्या आपण होऊन झंकारतात. चुकली, तर गप्प राहतात. ह्याहून निःपक्षपाती परीक्षक कोणता?

हे सारे साधणारे कारागीर मिरजेत कसे घडले, ह्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धनांच्या ह्या संस्थानात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा बसत चालला होता. त्यांतील फरीदसाहेबांनी तंबोरे व सतारी दुरुस्त करता करता त्या घडवण्याची विद्या हस्तगत केली, असे सांगतात. सोलापूर जिल्ह्यातील भोपळे आणि तुणीचे लाकूड ह्यांतून मिरजेची वाद्ये आकारास आली. तलवारीची धार पारखणारा हात घोडीची जवारी काढू लागला. कानस किंचित अधिक फिरली तर नाद मरतो, किंचित कमी फिरली तर तो खुलत नाही.

ह्याच परिसरातील सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारांच्या लांबी मोजून श्रुतींचे गणित मांडले आणि १९१० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या कामी त्यांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्याचे साहाय्य झाले. सरकारी दप्तरात जन्म घालवलेल्या ह्या गृहस्थाने शेवटचा दाखला मागितला तो गायकाच्या स्वराकडे, ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. पण जवारी लावणारा कान वडिलांच्या शेजारी वर्षानुवर्षे बसूनच तयार होतो, आणि तिथे बसायला मुलगाच उरला नाही, तर मानांकन काय करणार?

परवा शेजारच्या त्या तरुणाने वरच्या पट्टीच्या खाचा बारीक कागदाने घासून गुळगुळीत केल्या, स्प्रिंगांचा ताण हळूहळू जुळवला. मग त्याने दांडा दाबला, सोडला, आणि डोळे मिटून तो ऐकत राहिला. मिरजेच्या कारखान्यातला कारागीर कानस खाली ठेवून नेमका तसाच ऐकत राहतो.