गुर्लहोसूरचे अण्णासाहेब आणि आमच्या घरातली नांदी

दरवर्षी चवथीला आम्ही कुठेही नोकरीला असलो तरी गुंदला घरी पोचतो. रात्रीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला की माजघरात पेटी निघते. पूर्वी ती पेटी आमचे चुलत आजोबा वाजवीत. पहिली शाकुंतलाची नांदी, मग सौभद्रातली चार-पाच पदे आणि शेवटी भैरवी, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. मागल्या वर्षी आमच्या भाच्याने विचारले, "काका, ही गाणी कुठल्या सिनेमातली?" आम्ही सांगितले, सिनेमातली नाहीत, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकातली. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे तिकडची, महाराष्ट्रातली."

मुलगा कन्नड माध्यमात शिकतो. घरात मराठी, शेजारी कोकणी आणि हव्यक कन्नड, अशा वातावरणात तो वाढतो आहे. मराठी गाणे म्हणजे 'तिकडचे' असे त्याला वाटले, यात त्याचा दोष नाही. दोष आमचा. अण्णासाहेब कुठले, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हा लेख.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म 31 मार्च 1843 चा, बेळगाव जिल्ह्यात मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूर गावचा. आजच्या हिशेबाने ते कर्नाटकातले. पुढे उद्योगात नाव काढलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही याच गावात जन्मले. अण्णासाहेबांच्या घरी मराठी आणि दारी कन्नड होते. लहानपणी त्यांचे कन्नड आणि संस्कृतचे शिक्षण झाले, पुढे शिकायला ते पुण्यास गेले. तिथे अभ्यासापेक्षा नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्यात त्यांचे मन अधिक रमले. बेळगावात त्यांनी काही काळ शिक्षकी केली, मित्रांना जमवून भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. 1873 मध्ये 'श्रीशांकरदिग्जय' हे नाटक लिहिले. पुढे ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत लागले. आमच्यासारख्या सरकारी नोकराला याचे विशेष वाटते. दिवसभर दप्तर आणि टपाल, संध्याकाळी तालीम, असा त्यांचा संसार होता. मराठी रंगभूमीचा चेहरा बदलणारे नाटक एका कचेरीतल्या नोकरदाराने लिहिले, ही गोष्ट आमच्या खात्यातल्या तरुण मंडळींना आम्ही मुद्दाम सांगतो.

त्यांच्या जन्माचे वर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1843 च्या नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. तिथून मराठी नाटकाची सुरुवात आपण मोजतो. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर कन्नडातला भागवतांचा एक मेळा सांगलीत येऊन खेळ करून गेला होता. कन्नड अभ्यासक तो मेळा होन्नावरजवळच्या कर्कीचा मानतात. तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले. म्हणजे आपण ज्या यक्षगानाला रात्र रात्र बसतो, त्याचा एक धागा थेट मराठी रंगभूमीच्या पायाशी जातो. वाचकहो, हे आपल्या जिल्ह्याचे देणे आहे.

भाव्यांच्या पद्धतीत गाणे मुख्यतः सूत्रधाराचे असे. तो पदे म्हणे, पात्रे त्याप्रमाणे हावभाव करीत आणि भाषणे वेळेवर सुचतील तशी बोलत. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी पात्रांच्या तोंडी पदे घालायला सुरुवात केली होती. अण्णासाहेबांनी पुण्यात पारशी मंडळींचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहिला आणि असे संगीत नाटक आपल्या भाषेत का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी कालिदासाचे शाकुंतल हाती घेतले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर, शंकरराव मुजुमदार ही मंडळी त्यात होती आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब.

त्या नाटकात पदेच दोनशेच्या आसपास आहेत. आज हा आकडा ऐकून आश्चर्य वाटते. पण ही पदे आजच्यासारखी लांबवून म्हणायची नव्हती. पुष्कळशी चार-दोन ओळींची, साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा जातींची होती. बोलता बोलता पात्र गाऊ लागे आणि गाता गाता गोष्ट पुढे सरके. शाकुंतलात कालिदासाचे श्लोक समोर होते, ते मराठी चालीत बसवायचे होते. 18 नोव्हेंबर 1882 रोजी 'सौभद्र'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, पुढच्या वर्षी नाटक पुरे झाले. इथे मात्र शब्द, प्रसंग, थट्टा, सारे त्यांचे स्वतःचे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामदादांना दुर्योधन हवा आणि मध्ये कृष्णाचे कारस्थान. पात्रे महाभारतातली, पण बोलतात आपल्या वाड्यातल्या माणसांसारखी. बहिणीच्या लग्नावरून दोन भावांत पडलेला पेच आणि नवरा-बायकोची लाडीगोडी प्रत्येक घराला ओळखीची वाटली. सौभद्र अजून लागते त्याचे कारण हेच, असे आम्हांस वाटते.

चाली त्यांनी कुठून आणल्या? कीर्तनातून, लावणीतून, बायकांच्या गाण्यांतून, बैठकीच्या गाण्यातून, आणि लहानपणी कानावर पडलेल्या कन्नड पदांतूनही. नाटकाचे जुने छापील पुस्तक उघडले तर पदावर 'चाल' म्हणून नोंद असते. त्यात कन्नड पदांचे उल्लेखही सापडतात. त्या काळी धारवाडकडे चुरमुरी शेषगिरीरावांनी शाकुंतल कन्नडात आणले होते. पुढे मराठी मंडळ्यांचे खेळ पाहून, आपल्या भाषेतही नाटक हवे म्हणून गदगच्या शांतकवींनी कन्नड मंडळी उभी केली. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी संगीत नाटकांतून वर्षानुवर्षे गायले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी नाट्यपदे नव्याने ऐकवली. देणे आणि घेणे दोन्हीकडून चालले होते, आणि कुणी त्याचा हिशेब ठेवला नव्हता.

1884 मध्ये 'रामराज्यवियोग'चे तीन अंक झाले. पुढचे लिहायचे राहिले. 2 नोव्हेंबर 1885 रोजी अण्णासाहेब गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे 42 होते. शाकुंतलापासून मोजले तर हातात आलेली वर्षे पाच. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी 'शारदा' लिहिले, ते 1899 मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणले. 1905 मध्ये बालगंधर्व मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. सौभद्रातली पहिली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. अण्णासाहेबांची पदे त्यांच्या गळ्यावर बेतलेली. भाऊराव 1901 मध्ये गेले आणि आपल्या देशात ग्रामोफोनसाठी आवाज घेण्याचे काम सुरू झाले 1902 च्या अखेरीस. एवढ्याशा अंतराने तो आवाज कायमचा हुकला. पुढे बालगंधर्वांच्या आणि इतरांच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला तीनेक मिनिटे, तेवढ्यात पद आटोपायचे. तरी त्या तबकड्यांमुळेच ही पदे रानातल्या आमच्या गुंदपर्यंत पोचली. आमच्या आजोबांनी ती कुठल्या गुरूकडे बसून शिकली नव्हती. सुपे गाव धरणात जाण्यापूर्वी बाजाराला गेले की ओळखीच्या घरी तबकडी ऐकायची आणि वाटेत घोकत घरी यायचे, असे ते सांगत.

ते आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. घरात चार मोबाईल होते, रोज काहीबाही टिपले जात होते, पण त्यांची नांदी कुणी टिपून ठेवली नाही. भाऊरावांच्या वेळी यंत्र नव्हते. आमच्याजवळ यंत्र होते, आम्हांला सुचले नाही. ही चूक आम्ही इथे कबूल करतो, ती आपल्या घरी होऊ नये म्हणून.

आमची एक विनंती आहे. या गणपतीत ज्यांच्या घरी पेटीवर हात फिरवणारे, जुनी पदे म्हणणारे कुणी असेल, त्यांचे गाणे टिपून ठेवा. पद कुणाचे, चाल कुणाकडून आली, तेही विचारून लिहून ठेवा. जुने पदांचे पुस्तक माळ्यावर पडले असेल तर खाली काढा.

शाकुंतलाच्या नांदीत अण्णासाहेब आधी शंकराला आणि मग विघ्नेश्वराला वंदन करतात. आपली ताकद थोडी आणि घेतलेले काम मोठे, हे ते तिथेच सांगून टाकतात. ती नांदी यंदा आमचा भाचा म्हणणार आहे. श्रावणापासून त्याची तयारी चालू आहे, वहीत त्याने ती देवनागरीत आणि कन्नड लिपीत, दोन्हीत उतरवली आहे. खाली त्याने स्वतःच लिहिले आहे : 'रचना – अण्णासाहेब किर्लोस्कर, गाव – गुर्लहोसूर, आपल्या इथले.'

गणपती बाप्पा मोरया!